टेबल, तडा आणि आजीचा पाट

(या भागाचं हे शब्दांकन. बोलताना जसं बोललो तसंच ठेवलंय, फक्त 'अं' आणि 'म्हणजे'ची संख्या कमी केलीय.)

हेडफोन लावलेत ना? लावा, कारण आजची गोष्ट एका आवाजापासून सुरू होते.

मे महिना. माणमधला आमचा अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट. रात्रीचे दोन-अडीच वाजले असतील. मी लॅपटॉप मिटून झोपायला निघालो होतो, तेवढ्यात हॉलमधून आवाज आला. कट्ट! जाड काठी गुडघ्यावर धरून मोडली की येतो ना, अगदी तसा. मला वाटलं सिलिंगचं काहीतरी पडलं. दिवा लावला, इकडं-तिकडं बघितलं, काहीच नाही. मग टेबलाकडं लक्ष गेलं.

आठ फुटी जेवणाचं टेबल. मी स्वतः बनवलेलं, नऊ महिन्यांपूर्वी. त्याच्या एका टोकापासून आत अडीच फूट लांब तडा गेला होता. टोकाला तर त्यात एटीएम कार्ड आरामात उभं राहिलं असतं.

तर आजचा भाग त्या टेबलाबद्दल. भरीव लाकडाचं मोठं टेबल कसं बनवायचं, आणि त्याआधी कसं बनवायचं नाही. दुसरं मला जास्त चांगलं येतं.

आधी सांगतो, एवढं मोठं टेबल हवंच कशाला होतं. आमच्या घरी रविवारी आणि सणाला दहा माणसं असतात. आई-बाबा, मी आणि बायको, काका-काकू, त्यांची दोन मुलं, आत्या आणि आजी. फ्लॅटमध्ये चार जणांचं डायनिंग टेबल होतं, वर सनमायका लावलेलं. त्यामुळं जेवणं तीन पाळ्यांत व्हायची. पहिल्या पाळीत पुरुष आणि मुलं, दुसऱ्या पाळीत आजी, आत्या, काकू, आणि सगळ्यात शेवटी आई. तीही बऱ्याचदा ओट्याशी उभ्यानंच. एकदा बायको मला म्हणाली, "तू कधी आईंना बसून गरम जेवताना बघितलंयस?" मी आठवायला लागलो. लग्नकार्य सोडून एकही प्रसंग आठवेना.

इंजिनिअर माणसाला असा प्रश्न पडला की तो काय करतो? माणसांशी बोलत नाही. वस्तू बनवायला घेतो. मी ठरवलं, दहा माणसं एकदम बसतील असं टेबल बनवायचं.

आता मापं. ही लिहून घ्या, कामाला येतील. एका माणसाला जेवायला रुंदीत दोन फूट जागा लागते. लांब बाजूला चार-चार माणसं म्हणजे आठ फूट, आणि दोन टोकांना एक-एक. झाले दहा. रुंदी साडेतीन फूट ठेवली, म्हणजे दोन्ही बाजूंच्या ताटांमध्ये भाजीचं पातेलं, आमटी, कोशिंबीर राहते. उंची तीस इंच, खुर्चीची बैठक अठरा इंच. आणि खुर्ची मागं ओढून माणूस उठायला भिंतीपर्यंत तीन फूट तरी हवेत. म्हणजे साडेतीन फुटी टेबलाला साडेनऊ फूट रुंद खोली. आमचा हॉल दहा फुटी. बसलं गणित.

मग आलं लाकूड. यूट्यूबवर मी तोपर्यंत पन्नासेक व्हिडिओ बघितले होते. तिकडं एक पर्पलहार्ट नावाचं दक्षिण अमेरिकेतलं लाकूड असतं, कापल्यावर हळूहळू जांभळं होत जाणारं. मला तेच हवं होतं. किंवा आफ्रिकन पडूक, लालभडक. विदेशी, दुर्मीळ, भारी. हे सगळं डोक्यात घेऊन मी पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटला गेलो. तिथं एका वखारीत एक वयस्कर मिस्त्री काका भेटले. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "साहेब, टेबल बनवायचंय की दाखवायचंय?"

मग त्यांनी मला लाकूड शिकवलं. तुम्हालाही थोडक्यात सांगतो, कारण यातलं मला काहीही माहीत नव्हतं.

पहिली गोष्ट, हार्डवुड म्हणजे कठीण लाकूड असं नाही. रुंद पानांच्या झाडांचं ते हार्डवुड, आणि पाइन, देवदार अशा सूचिपर्णी झाडांचं ते सॉफ्टवुड. विमानांची मॉडेल्स बनवतात ते हलकंफुलकं बाल्सासुद्धा शास्त्रानुसार हार्डवुडच. चाकण-भोसरीच्या कंपन्यांत मशिन ज्या खोक्यांतून येतात ती बहुतेक पाइनची, म्हणजे सॉफ्टवुड. त्या पॅलेटचं फर्निचर बनवायची फॅशन आहे ना, त्यासाठी एक टीप. पॅलेटवर शिक्का बघा. 'एचटी' असेल तर ते लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर किमान ३० मिनिटं तापवलेलं असतं, कीड मारायला. 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइड वायूची धुरी दिलेली असते. ते घरात आणू नका.

दुसरी गोष्ट, सागवान. वखारीत सागवानाची नावं ऐकलीत तर नकाशा उघडावा लागतो. सीपी सागवान म्हणजे जुन्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेसचं, आपल्या नागपूर-चंद्रपूरकडचं. दिल्लीतल्या नव्या संसद भवनात नागपूरकडचं सागवान वापरलंय, आणि अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये बल्लारपूरहून सागवान गेलं. मग वलसाडी. मग बर्मा, ज्याचं नाव अजून सगळे आदरानं घेतात. पण म्यानमारनं १ एप्रिल २०१४ पासून अख्ख्या ओंडक्यांची निर्यातच बंद केली. आणि मग घाना सागवान, आफ्रिकेतून येणारं.

इथं मी चमकलो. कारण सागवान हे आफ्रिकेतलं मूळचं झाडच नाही. ते भारत, म्यानमार, थायलंड, लाओस या पट्ट्यातलं. आफ्रिकेत त्याची लागवड केली गेली. म्हणजे आपलंच झाड तिकडं गेलं, तिथं वाढलं आणि आता जहाजानं परत येऊन आपल्याला 'इम्पोर्टेड' म्हणून विकलं जातंय. बरं, लागवडीचं लाकूड बऱ्याचदा कमी वयात तोडतात, त्यामुळं त्यात सालीजवळचा पांढरट भाग जास्त असतो आणि खरा तेलकट गाभा कमी. ते घ्यायचं तर फळी उलटसुलट करून बघून घ्यायची.

पर्पलहार्टबद्दल काकांनी एकच प्रश्न विचारला, "उचलणार कोण?" मी घरी येऊन हिशेब केला. आठ फूट बाय साडेतीन फूट, दीड इंचाच्या वर जाडी, म्हणजे साधारण ०.१ घनमीटर लाकूड. पर्पलहार्टचं वजन घनमीटरला ९०० किलो. नुसता वरचा पाट नव्वद किलो! शिवाय अशा दूरच्या जंगलांतल्या लाकडांच्या व्यापारावर निर्बंध वाढतायत. शिसमाचं अख्खं कुळ, म्हणजे डाल्बर्जिया, २ जानेवारी २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रित यादीत आहे. त्यात आपलं शिसमही आलं.

मग काकांनी मला वखारीच्या मागच्या बाजूला नेलं. तिथं भिंतीला टेकवून दोन रुंद फळ्या उभ्या होत्या. एकाच ओंडक्यातून शेजारी-शेजारी कापलेल्या. चॉकलेटी, मध्ये सोनेरी आणि काळपट रेघा. "हे काय लाकूड?" मी विचारलं. काका हसले. "तुम्ही रोज याच्या सावलीत गाडी लावता."

रेन ट्री! मराठीत वर्षावृक्ष म्हणतात, काही जण विलायती शिरीष म्हणतात. पुण्या-मुंबईच्या जुन्या रस्त्यांवर छत्रीसारखं पसरलेलं ते प्रचंड झाड. संध्याकाळी पानं मिटून घेतं. आपण त्याला इथलंच समजतो, पण ते मूळचं मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं. म्हणजे मी जे दक्षिण अमेरिकेतलं लाकूड शोधत होतो ते इथंच होतं, फक्त जांभळं नव्हतं. थायलंडमध्ये याला चामचा म्हणतात, इंडोनेशियात सुआर, हवाईमध्ये मंकीपॉड. जगभर जी एका फळीची महागडी टेबलं विकतात त्यांतली कितीतरी याच झाडाची असतात. घनमीटरला साधारण ६०० किलो, म्हणजे पाट साठ किलोचा. सागवानापेक्षा किडीला थोडं कमी टिकतं, पण घरातल्या टेबलाला पुरेसं.

एक महत्त्वाचं. शहरात झाड तोडायला १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते. त्यामुळं 'रस्त्यावर पडलेलं झाड आहे, घेऊन टाक' असं कुणी म्हटलं तर हुरळू नका. वखारीतून घ्या, पावती घ्या, लाकूड कुठून आलं ते विचारा.

आता माझी चूक. चूक कसली, चुकांची मालिका.

जुलैमध्ये फळ्या घेतल्या. काका म्हणाले, "आता पाऊस आहे. घरात नुसत्या ठेवा, दिवाळीनंतर हात लावा." पण मला गौरी-गणपतीला टेबल हवं होतं. डेडलाइन! आमच्याकडं एक सवय असते ना, तारीख आधी ठरवायची आणि मग काम तिच्यात कोंबायचं. मी ओलावा मोजायचं छोटं मीटर आणलं होतं. दोन सुया लाकडात टोचायच्या, आकडा येतो. आकडा आला १५. मी वाचलं होतं की फर्निचरला आठ ते बारा टक्के हवा. म्हटलं, तीन टक्क्यांनी काय होतं?

गल्लीतल्याच एका वर्कशॉपमध्ये भाड्यानं मशिन वापरून फळ्या सरळ केल्या. रेन ट्रीचा रेषा एकमेकांत गुंतलेला असतो, एका दिशेनं रंधा मारला की पुढच्या वीतभर भागात लाकूड उचकटतं. आणि भुसा नाकात गेला की शिंकून शिंकून हाल. मास्क लावाच. दोन्ही फळ्या मध्ये गोंदानं जोडल्या, क्लॅम्प लावले. खाली लोखंडी फ्रेम भोसरीहून करून आणली, झकास पावडर कोटिंग केलेली. तिच्यावर पाट ठेवला आणि वीस स्क्रू मारले. करकचून. वरून तीन हात पॉलिश, आरशासारखं. खालच्या बाजूला काहीच नाही, कारण खाली कोण बघतंय?

हां, आणि लिफ्ट. आठ फुटी पाट लिफ्टमध्ये मावत नाही, हे मला पार्किंगमध्ये उभं राहून कळलं. चार मित्र, अकरा मजले, बावीस वळणं. त्यातला एक मित्र अजून माझ्याशी नीट बोलत नाही. आधी लिफ्ट मोजा!

पण गणपतीत टेबल तयार होतं. सगळ्यांनी फोटो काढले. आणि मेमध्ये, कट्ट.

दुसऱ्या दिवशी मी काकांना फोटो पाठवला. त्यांचा फोन आला. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "साहेब, लोखंड उन्हाळ्या-पावसाळ्याचं ऐकत नाही. लाकूड ऐकतं."

झालं काय ते सांगतो. लाकूड झाडापासून तुटलं, वाळलं, तरी ते हवेतला ओलावा घेत-सोडत राहतं. पुण्याच्या ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर. एप्रिल-मेच्या दुपारी ती वीस-तीसवर येते. ऐंशी टक्के आर्द्रतेत लाकूड बराच काळ राहिलं तर त्यातला ओलावा सोळा टक्क्यांच्या आसपास जातो, तीस टक्के आर्द्रतेत सहाच्या आसपास येतो. जाड फळी हळू बदलते, त्यामुळं ती या दोन टोकांच्या मध्ये कुठंतरी झुलत असते. मेमध्ये मी मीटर टोचलं तेव्हा आकडा होता ८. ऑगस्टमध्ये १५, मेमध्ये ८. सात टक्क्यांचा फरक.

आता हा फरक मिलिमीटरमध्ये. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही. आठ फूट ते आठ फूट. पण रुंदीत बदलतं. रेन ट्री त्यातल्या त्यात शांत लाकूड आहे, तरीही मीटरभर रुंदीला ओलाव्याच्या एका टक्क्यामागं साधारण सव्वा मिलिमीटर. माझी रुंदी मीटरच्या थोडी वर. गुणिले सात. आठ-नऊ मिलिमीटर! सागवान असतं तर उभ्या-आडव्या कापानुसार त्याहून जास्तही झालं असतं.

म्हणजे पाटाला नऊ मिलिमीटर आक्रसायचं होतं, आणि मी वीस स्क्रूंनी त्याला लोखंडाला बांधून ठेवलं होतं. तो दोन्ही बाजूंनी ताणला गेला. महिनोन् महिने ताण सोसला. टोकाकडून लाकूड लवकर वाळतं, म्हणून टोकाला फाटला. गंमत बघा, गोंदाचा सांधा शाबूत होता. तडा त्याच्या शेजारी, लाकडात गेला. चांगला सांधा लाकडापेक्षा मजबूत असतो म्हणतात ते खरं. आणि वरून पॉलिश, खालून कोरं असल्यामुळं दोन बाजूंनी ओलावा वेगवेगळ्या वेगानं गेला, म्हणून पाट थोडा वाडग्यासारखा वाकलाही होता. पॉलिशनं ओलाव्याचं येणं-जाणं थांबत नाही, फक्त मंदावतं.

मी खूप निराश झालो, खोटं कशाला बोलू. पैशापेक्षा जास्त हे लागलं की आईनं त्या दिवशी सकाळी तड्यावर टेबलक्लॉथ घातला आणि म्हणाली, "दिसत नाही आता." आमच्या घरात बऱ्याच गोष्टींवर असाच टेबलक्लॉथ असतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं.

उपाय कुठं सापडला? यूट्यूबवर नाही. आजीकडं. आजीचा एक जुना सागवानी पाट आहे, कोपऱ्यांत पितळी फुलं असलेला. तडा बघून ती म्हणाली, "माझा पाट साठ वर्षांत नाही फुटला." मी तो उलटा केला. खाली दोन आडव्या पट्ट्या. खिळा नाही, स्क्रू नाही, गोंदसुद्धा नाही. पाटात आडवी खाच कोरलेली, तोंडाशी अरुंद आणि आत रुंद, आणि त्यात तशाच आकाराची पट्टी बाजूनं सरकवून बसवलेली. पट्टी पाटाला वाकू देत नाही, पण पाटाला रुंदीत सरकायला मोकळीक देते. ज्या कुणी सुतारानं तो बनवला त्याच्याकडं ओलाव्याचं मीटर नव्हतं. जुन्या वाड्यांची दारं बघा, तिथंही तेच. चौकट घट्ट, पण तिच्या खाचेतली फळी सैल बसवलेली, गोंद न लावता. माझं लहानपण त्या पाटावर बसण्यात गेलं, आणि मी तो एकदाही उलटा करून बघितला नव्हता.

मग दुरुस्ती. सगळे स्क्रू काढले. काढताना करकर आवाज करत होते, दोन तर वाकलेले निघाले. शेवटचा निघाल्यावर दोन दिवसांत तडा निम्मा मिटला. स्वतःहून! ताण गेला, एवढंच. मग फ्रेमच्या आडव्या पट्ट्यांतली भोकं बदलली. मधलं भोक गोल, तिथं स्क्रू घट्ट. बाकीची भोकं कानशीनं रुंदीच्या दिशेनं लांबट केली, दोन्हीकडं सहा-सहा मिलिमीटर मोकळी, वर मोठा वॉशर, स्क्रू हातानं बसेल इतकाच आवळलेला. आता पाट मध्याला धरून दोन्हीकडं हलू शकतो. खालच्या बाजूलाही वरच्याइतकेच पॉलिशचे हात दिले.

राहिलेल्या तड्यावर काकांनी डमरूच्या आकाराच्या तीन पच्चरी बसवायला शिकवल्या. शिसमाच्या. तड्याच्या आडव्या, अर्धी या बाजूला, अर्धी त्या बाजूला. तडा पुढं सरकत नाही. मी विचारलं, तड्यात रेझिन भरू का? म्हणाले, "आत्ता मे आहे, फट सगळ्यात मोठी आहे. आत्ता दगड भरलात तर पावसात फुगलेलं लाकूड जाणार कुठं?" बघा, मी पुन्हा तीच चूक उलट्या बाजूनं करणार होतो. त्या पच्चरी कोरायला मला दोन रविवार लागले. एक थोडी तिरकी आहे. कोणती ते सांगणार नाही.

पुढच्या पावसाळ्यात फट जवळजवळ मिटली. उन्हाळ्यात पुन्हा केसाएवढी उघडते. मी आता घाबरत नाही.

आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं ते? आता खरं सांगतो. दहा खुर्च्या मांडल्या, दहा ताटं घेतली, आणि तरी आई ओट्याशीच. कारण गरम पोळ्या. टेबल कितीही मोठं असलं तरी तव्यावरची पोळी कुणीतरी लाटायलाच लागते. माझं सगळं गणित बरोबर होतं, प्रश्न चुकीचा घेतला होता. मग शेवटी जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं, बोललो. घरात ठरलं की रविवारी पोळ्या आधी करून डब्यात ठेवायच्या, सगळ्यांनी मिळून, आणि कोमट खायच्या. बाबा दोन रविवार कुरकुरले. तिसऱ्या रविवारी स्वतः पोळी लाटायला उभे राहिले. नकाशा ऑस्ट्रेलियाचा आला. आजी म्हणाली, "खातो आम्ही, भाज."

आई आता टोकाच्या खुर्चीवर बसते, स्वयंपाकघराच्या बाजूच्या. अजूनही मध्येच दोनदा उठते. पण बसते. आणि तडा नेमका तिच्याच टोकाला आहे. टेबलक्लॉथ तिनंच काढून टाकला, म्हणाली हळदीचे डाग त्यालाच जास्त पडतात.

तर मंडळी, टेबल बनवणार असाल तर तीन गोष्टी. लाकूड कोरडं होईपर्यंत थांबा. लोखंडाला बांधताना सरकायला जागा ठेवा. आणि घरी एखादा जुना पाट, चौरंग, देव्हारा असेल तर आज उलटा करून बघा, फोटो मला पाठवा. बघू, कुणाकुणाच्या घरी काय दडलंय.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत जेवून घ्या, बसून!